कवेत येणारी कोठी

जिन्याच्या वळणावर अडकलेलं कपाट हे माझ्या कामातलं नेहमीचं दृश्य आहे. खालून दोघं रेटत असतात, वरून एक जण ओढत असतो आणि ज्यांनी ते विकत घेतलं ते गृहस्थ कठड्याला टेकून म्हणत असतात, “दुकानात एवढं मोठं वाटलं नव्हतं.” ते खोटं बोलत नसतात. दुकान मोठं असतं, म्हणून तिथं कपाट लहान दिसतं. शिवाय माणूस कपाट घेताना भिंत मोजतो. दार मोजत नाही, जिना तर मोजतच नाही. घरात काय मावेल हे आधी दार ठरवतं आणि मग भिंत. एवढं एकच ज्ञान मी गेली काही वर्षं नगर जिल्ह्यात विकते आहे.

या धंद्याला मराठीत अजून नाव पडलेलं नाही. लहान घरात आधीच असलेल्या सामानाला जागा करून देणं, हे काम. मी सुतार नाही, रंगारी नाही, घर सजवून देणारीही नाही. नवीन फर्निचर करायला मी शक्यतो सांगत नाही, त्यामुळे सुतार मंडळी माझ्यावर नाराज असतात.

त्याआधी मी एका दैनिकाच्या नगर कार्यालयात उपसंपादक होते. जिल्ह्याचं पान माझ्याकडे असे. पान लावणं म्हणजे ठरलेल्या जागेत दिवसभराचा मजकूर बसवणं. जागा वाढत नाही, मजकूर येतच राहतो. संध्याकाळी कुठं अपघात झाला की दुपारी लावलेला सत्कार बाहेर जातो आणि दुसऱ्या दिवशी सत्कारमूर्तींचा फोन येतो. पुढे पानं दुसऱ्या शहरात लागू लागली, आमचं कार्यालय एका खोलीत आलं आणि त्या खोलीत माझी खुर्ची मावली नाही. वाईट वाटलं, ते अजूनही वाटतं. पण जाण्याआधी सगळ्या कार्यालयाचं सामान त्या एका खोलीत बसवण्याचं काम मीच केलं होतं. ते पाहून जागेच्या मालकांनी आपलं घर दाखवायला नेलं. तिथून सुरुवात झाली.

माझी हत्यारं म्हणजे टेप, जाड मार्कर आणि रद्दी. रद्दी सर्वांत महत्त्वाची. जी वस्तू आणायची किंवा हलवायची आहे तिच्या बुडाच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून मी तो जमिनीवर चिकटवते. त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहिते: कपाट, टेबल, शिलाई मशीन. मग घरच्यांना सांगते, दोन-तीन दिवस नेहमीसारखे वावरा, कागदावर पाय पडला तर पडू द्या. परत येऊन मी फक्त कागद पाहते. ज्या कागदावर पावलांचे डाग जास्त, तिथं ती वस्तू ठेवली तर रोज कुणाचा तरी गुडघा आपटणार. लोक तोंडानं काहीही सांगतात. कागदावर खरं उमटतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. राहात्याच्या एका घरात माळ्यावर इतकी भांडी होती की पंखा लावला की वरचं पातेलं किणकिणायचं. आपल्याकडे लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला भांडं देतात आणि त्यावर देणाऱ्याचं नाव कोरून घेतात. त्या बाईंनी एकदा धीर करून काही भांडी मोडीत घातली. पुढच्या बाजाराला त्यांच्या आत्यासासूबाईंना भांड्यांच्या दुकानात, जुन्या मालाच्या ढिगावर, स्वतःचंच नाव वाचायला मिळालं, ‘सप्रेम भेट’सकट. आत्याबाईंनी ते पातेलं विकत घेतलं, पुन्हा आणून दिलं, चहा घेतला आणि एक अक्षर न बोलता गेल्या. त्यानंतर त्या घरातून चमचासुद्धा बाहेर गेला नाही. मी सुचवलं ते एवढंच, की माळ्यावरची भांडी रोजच्या वापरात काढा आणि रोजचे प्लॅस्टिकचे डबे भंगारात द्या. प्लॅस्टिकवर कुणी नाव कोरत नाही. पुढच्या खेपेला आत्याबाईंना त्यांच्याच पातेल्यातलं कालवण वाढलं गेलं, असं नंतर कळलं.

नगरमधल्या एका निवृत्त नर्सबाईंनीही असंच बोलावलं होतं. त्यांना सगळी गल्ली सिस्टर म्हणे. दीड खोलीचं घर. पलंगाखाली चाकांच्या पेट्या, नाताळची चांदणी तिच्या मापाच्या खोक्यात, सुया, दोरे, औषधं, विजेची बिलं, सगळ्यावर चिठ्ठ्या. वॉर्डातली शिस्त जशीच्या तशी घरी आणलेली. मी बराच वेळ नुसती पाहत राहिले आणि म्हणाले, “सिस्टर, इथं मला करण्यासारखं काही नाही.”

“ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण कुणीतरी बघायला पाहिजे ना?”

सगळी कामं अशी सोपी नसतात. एका कामाबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे. त्यात मी नवीन असं काहीच बनवलं नाही.

“ताई, तुम्ही जागा करून देता ना?” संगमनेरहून मनीषा नावाच्या बाईंचा फोन होता. “एका माणसाची जागा करून द्यायची आहे. नाहीतर दसरा झाला की तो माणूस घर सोडून चाललाय.”

तो माणूस म्हणजे त्यांचे सासरे. सगळे त्यांना तात्या म्हणत. काष्टीचे शेतकरी. पत्नी वारल्यापासून गावी एकटेच राहत होते. बांधावरून पडून त्यांचा खुबा मोडला, तो बदलावा लागला आणि मुलगा रावसाहेब त्यांना संगमनेरला घेऊन आला. रावसाहेब एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, मनीषा दूध डेअरीच्या ऑफिसात, मुलगी बारावीला. घर म्हणजे हॉल, स्वयंपाकघर आणि आत एक खोली. ती खोली त्यांनी तात्यांना दिली होती आणि तिघं हॉलमध्ये झोपत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जमिनीवर बसायचं नाही, खाली झोपायचं तर मुळीच नाही. रावसाहेबांनी मुद्दाम उंच, नवा पलंग आणला. आणि तात्या रोज रात्री हॉलमध्ये येऊन चटईवर झोपत होते.

“खाली उतरताना कसे उतरतात आणि सकाळी कसे उठतात, ते बघवत नाही,” मनीषा म्हणाली. “गादी मऊ आहे म्हणाले, गादी बदलली. पंखा वाजतो म्हणाले, पंखा बदलला. आता म्हणतात, उकडतं. आणि वर म्हणतात, दसऱ्यानंतर काष्टीला जातो. तिथं उंबरा गुडघ्याएवढा, संडास परसात. पडले तर कळणार कुणाला?”

पहिल्या दिवशी मी टेप घेऊन आत गेले तेव्हा तात्या हॉलमध्ये खिडकीशी खुर्चीत बसले होते. शेजारी वॉकर. त्यांनी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मोजनी आली का?” त्यांनी सुनेला विचारलं. “सरकारी का खाजगी?”

“तात्या, या ताई घर नीट लावून देतात.”

“मोजून नीट झालेलं रान मी अजून पाह्यलं न्हाई. मोजनी झाली की भांडनं लागत्यात.” मग मला म्हणाले, “बगा, मोजनीवाल्या बाई. माजी हद्द कुठवर हाय तेवढी दावून जा.”

“तुम्हाला किती पाहिजे, तात्या?”

“मला काय, वळकटीपुरती. तीबी दसऱ्यापतूर.”

मनीषा स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्त आला.

मी आतली खोली पाहिली. तो पलंग आता सगळीकडे मिळतो तसला पेटीचा होता. वरची फळी गादीसकट उचलली की आत मोठी पोकळी. रावसाहेबांनी हौसेनं ती उघडून दाखवली. आत गव्हाचे कट्टे ओळीनं रचलेले होते. काष्टीची जमीन पुतण्या करतो आणि तात्यांच्या वाट्याचं धान्य गाडीनं इकडे येतं. “आधी हे कट्टे गॅलरीत होते, ओल लागायची,” रावसाहेब म्हणाले. “पलंग घेतला आणि दोन्ही प्रश्न मिटले. तात्यांची झोपायची सोय आणि धान्याचीही.” खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात लाकडी घडवंची होती आणि तिच्यावर जवळजवळ छतापर्यंत वाकळी आणि गोधड्यांचा ढीग. तात्यांच्या पत्नीनं शिवलेल्या. त्या द्यायच्या नाहीत, यावर घरात एकमत होतं.

जागेच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या पलंगात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मीही हेच सुचवलं असतं.

तेव्हा मी नेहमीचा मार्ग धरला. तात्यांना हॉलमध्येच झोपायचं असेल तर तिथं एक अरुंद खाट मावते का, हे पाहायचं ठरवलं. खाट आली तर मुलीचं अभ्यासाचं टेबल सरकवावं लागणार होतं. आणि भरलेल्या पेटीमुळे खालून हवा लागत नाही म्हणून तात्यांना उकडत असेल, तर पेटी रिकामी करून कट्टे हॉल आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळात ठेवता येतील का, हेही पाहायचं होतं. मी कागद कापले. ‘खाट’, ‘टेबल’, ‘धान्य’. चिकटवले आणि निघाले.

तात्यांनी खुर्चीतून विचारलं, “खुना रोवल्या का?”

“रोवल्या. हलवू नका म्हणजे झालं.”

“मी कशाला हलवू? मी कूळबी न्हाई आन मालकबी न्हाई.”

तीन दिवसांनी परत गेले आणि कागद पाहिले. ‘खाट’ चुरगळून गेला होता. तिथून सगळ्यांचीच ये-जा होती. ‘टेबल’ बोटभर फाटला होता. दोन्हींवर वॉकरच्या रबराचे गोल काळे ठसे होते. न्हाणीकडे जाताना तात्या त्यांच्यावरून बिनदिक्कत जात होते. ‘धान्य’ हा कागद मात्र बोळाच्या ऐन तोंडाशी होता. तात्यांना दिवसातून कितीदा तरी तिथून जावं लागणार. त्यावर चपलांचे डाग होते, मुलीच्या मोज्यांचे होते. वॉकरचा एकही ठसा नव्हता.

मी खुर्चीत बसून वाट पाहिली. थोड्या वेळानं तात्या उठले. ‘खाट’वरून आले, ‘टेबल’ तुडवलं आणि बोळाशी येऊन थांबले. मग वॉकर उचलून भिंतीला लावला, अंग चोरून, भिंतीला पाठ घासत त्या कागदाच्या कडेनं गेले. खुबा बदललेल्या माणसानं तसं करणं धोक्याचं होतं. मनीषा पोळी लाटता लाटता दारात आली होती. तिनंही पाहिलं.

ते परत आले तेव्हा मी विचारलं, “तात्या, तो कागद आहे नुसता.”

“कागद हाय ते दिसतंय की मला.”

“मग वळसा कशाला?”

“लिव्हलंय ना तुमी धान्य म्हनून.”

ते खुर्चीत बसले. मग त्यांनीच सांगितलं.

“अन्नावर पाय देत न्हाईत. एवढंच हाय. जल्मभर खळ्यावर गेलो तर पायतान बाहेर काढून गेलो. आता म्हातारपनी त्याच्या उरावर पसरून झोपू? रातभर खाली गहू आन वर मी. झोप लागंल का मला?”

मनीषाच्या हातात लाटणं तसंच होतं. “तात्या! मग हे सांगायचं नाही का? गादी बदलली, पंखा बदलला...”

“कसं सांगू? पोरानं हौसंनं पलंग आनला. दारातनं आत घिऊन येताना लेकराच्या तोंडावर काय आनंद हुता. त्याला म्हनू, चुकलास? आन तू म्हनली असतीस, म्हातारं कुठलं जुनं उकरून काढतंय.”

“म्हणाले असते,” मनीषा म्हणाली. “एकदा म्हणाले असते आणि कट्टे बाहेर काढले असते. मी समजत होते की तुम्हाला आमचं घरच नकोय.”

“घर नको कशाला? घर ग्वाड हाय. पर गावी गेलो तर भुईवर तरी नीट झोपंन म्हनलं.”

मनीषा आत गेली. पोळी करपल्याचा वास आला होता. तात्या मला हळूच म्हणाले, “बगा. म्हनलं न्हवतं, मोजनीनं भांडनं लागत्यात.”

एकदा कारण कळल्यावर बाकीचं काम सोपं होतं. पण अटी वाढल्या होत्या. धान्य पलंगाखाली नको. बोळात नको, कारण पलीकडे न्हाणी, भिंतीला ओल. दाराशी नको, तिथं चपला. माळ्यावर नको, कारण तात्यांना स्वतःच्या हातानं काढता आलं पाहिजे. दारी कुणी आलं तर सुपात दोन ओंजळी घालायला सुनेला हाक मारावी लागू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. अशी जागा घरात एकच होती, घडवंचीचा कोपरा. तो वाकळींनी अडवला होता. आणि वाकळींना पलंगाच्या पेटीत जायला कुणाचीच हरकत नसणार होती, कारण वाकळ असते ती झोपण्यासाठीच. गव्हाच्या जागी वाकळी, वाकळींच्या जागी गहू. पानावर दोन बातम्यांची अदलाबदल करावी, तेवढंच.

मात्र कट्टे एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवले तर खालचं धान्य वर्षभर खालीच राहतं आणि त्याला कीड धरते. मी म्हटलं, कोठी लागेल.

“कोठी हाय की,” तात्या म्हणाले. “काष्टीला. पत्र्याची. वरून भरायची, बुडाला झडप हाय, तिथनं काढायची. जुना गहू आदी निगतो. ह्यो म्हनला, मोठी हाय, फ्लॅटमधी येनार न्हाई. म्हनून ठिवली तिकडंच.”

“अहो, खरंच मोठी आहे,” रावसाहेब म्हणाले. ते नुकतेच कॉलेजातून आले होते आणि बायकोनं दारातच सगळं सांगितल्यामुळे जरा पडेल चेहऱ्यानं उभे होते. “दारातून यायची नाही.”

“माप काय आहे?”

“कवेत येती,” तात्या म्हणाले.

“म्हणजे किती?”

“म्हंजे कवेत येती. अशी.” त्यांनी दोन्ही हात पुढे करून हवेत मोठा गोल केला. “बोटाला बोट लागतं. दर साली मीच हलवायचो तिला.”

मी पुतण्याला फोन लावून माप घेऊ शकले असते. पण तात्या हात तसेच धरून बसले होते. तेव्हा मी टेप काढला आणि त्यांच्या दोन्ही हातांच्या बाजूनं, छातीवरून, बोटापासून बोटापर्यंत फिरवला. घेराला तीननं भागलं. एकवीस इंचांच्या आसपास रुंदी आली. आतलं दार तीस इंची होतं.

“येते,” मी म्हटलं.

“मी काय सांगत हुतो?” तात्यांनी हात खाली घेतले. “दमवलं बाई तुमी.”

कोठी आणायला कुणी जायचं, यावरून पुन्हा बोलाचाली झाली. रावसाहेबांच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. काष्टीकडचा एक टेम्पोवाला माल घेऊन संगमनेरला येतो, तो रिकामा परतताना तात्यांना नेईल आणि दुसऱ्या खेपेला कोठीसकट आणील, असं तात्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. “दोरी कुठं बांधायची हे त्यांना जमायचं न्हाई. पत्रा चेपवतील. मलाच गेलं पायजे.” दसरा दोन दिवसांवर होता. ते गेले. जाताना पिशवीत सगळे कपडे घेऊन गेले, हे मनीषाच्या नंतर लक्षात आलं.

कोठी यायच्या दिवशी मी सकाळपासून तिथंच होते. घडवंचीला एवढा भार पेलला नसता, म्हणून ती गॅलरीत काढली आणि कोपऱ्यात विटांचे दोन थर रचून वर शहाबादी फरशी टाकली. तात्यांना खुर्चीत बसून, न वाकता झडप उघडता यावी एवढ्या उंचीवर. वाकळी उन्हात टाकल्या, झटकल्या, पेटीत रचल्या. गव्हाचे कट्टे बाहेर काढले. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

टेम्पो दुपारी येणार होता. दुपार गेली. तात्या फोन उचलत नव्हते. नुसती रिंग जात होती. टेम्पोवाल्याचा नंबर कुणाकडेच नव्हता. पुतण्या म्हणाला, सकाळीच निघाले इथून, पण कुठं कुठं थांबणार होते. मनीषा गॅलरीत जाऊन यायची, कट्ट्यांवरून ओलांडून आत जायची आणि पुन्हा गॅलरीत. नंतर तीही कट्ट्यांना वळसा घालू लागली होती.

“सगळे कपडे नेलेत,” ती मला म्हणाली. “कोठी पाठवून देतील. स्वतः नाही यायचे.”

‘येतील’ असं म्हणणं मी टाळलं. खात्री नसलेली बातमी देऊ नये, एवढं जुन्या नोकरीत शिकले होते.

संध्याकाळी टेम्पो आला. मागे दोरखंडांनी चारी बाजूंनी आवळलेली कोठी उभी, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी उशीवर बसलेले तात्या. रावसाहेब जिना धावतच उतरले.

“फोन का नाही उचलला?”

“कोठीत पडलाय.”

“काय?”

“कोठी झाडायला वाकलो, खिशातनं आत गेला. मग वर दोऱ्या आवळल्या. रस्ताभर कोठी वाजत हुती. नगरला चहाला थांबलो तर चार मानसं बगायला आली.”

“मग काढायचा ना बाहेर!”

“कुनी काढायचा? मला वाकायची बंदी. आन ह्या ड्रायव्हरचं पोट बगा. ह्यो कोठीच्या तोंडात जाईल का?”

ड्रायव्हर स्वतःच हसला. मनीषा गॅलरीतूनच ओरडली, “तात्या, पिशवी कुठाय तुमची?”

“त्याच्यातच हाय, कोठीत. कापडं, तुज्या सासूचा फोटू, समदं. घराला कुलूप घातलं, किल्ली पुतन्याला दिली. कोठी हितं आली, मंग तिथं काय ठिवलंय आता?”

कोठी जिन्यानं वर आली. वळणावर एकदाही अडकली नाही. आतल्या दाराची कडी पत्र्याला घासली आणि बोटभर लांब ओरखडा उठला. तो मी नोंदवून ठेवते आहे. कवेच्या मापात कडी धरलेली नव्हती.

कोठी फरशीवर बसल्यावर रावसाहेबांनी वाकून आतली पिशवी आणि फोन बाहेर काढला, आणि तात्यांनी खुर्ची जवळ घ्यायला लावली. तळाला कडुनिंबाचा वाळला पाला टाकायचा, तो त्यांनी गावाहून आणला होता. त्याखाली कागद हवा होता. मनीषा नवीन कागद शोधू लागली, तेव्हा ते म्हणाले, “नवा कशाला? त्यो बोळातला काढ की.”

“तो? फाटलाय, तात्या. सगळ्यांनी पाय दिलेत.”

“तुमी दिलेत. मी न्हाई दिला. पूस आन आन. धान्य लिव्हलंय ना त्यावर, मंग त्याला धान्य बगू दे की एकदा.”

जिल्ह्याचं पान होतं ते. रावसाहेबांनी ते पुसून तळाशी पसरलं, वर पाला, आणि पहिला कट्टा ओतला. माझ्या नोकरीच्या सगळ्या काळात पानावर लिहिलेलं इतक्या लवकर खरं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

शेवटचा कट्टा रिकामा झाल्यावर तात्या पलंगाशी आले. गादीवर हात दाबून पाहिला. “खाली काय हाय आता?”

“आईंच्या वाकळी.”

“नक्की?”

मनीषानं फळी उचलून दाखवली. त्यांनी वाकून नव्हे, मान तिरपी करून पाहिलं. मग पलंगाच्या काठावर बसले, पाय वर घेतले आणि आडवे झाले.

“आता ही रातभर खालनं दटावील,” ते म्हणाले. “नीट झोपा, घोरू नका.”

त्यांनी डोळे मिटले. आम्ही दार लोटून बाहेर आलो. हॉल मोकळा झाला होता. मनीषानं भिंतीशी पडून राहिलेली तात्यांची चटई गुंडाळली आणि ती हातात घेऊन उभी राहिली.

“ही कुठं ठेवू, ताई?”

हा प्रश्न माझ्या आराखड्यात नव्हता. मी घरभर नजर फिरवली. पेटी वाकळींनी भरली होती, माळा आधीच भरलेला होता, गॅलरीत ओल. एक वीतभर जागा उरली नव्हती.

“देऊन टाका कुणाला तरी,” मी म्हटलं.

“काष्टीच्या बाजारची हाय ती,” आतून आवाज आला. “कोठीच्या मागं हात जाईल एवढी फट हाय. तिथं उभी करा.”

मी टेप काढला नाही. मनीषानं चटई नेऊन उभी केली. बसली.